साठ दिवसांची प्रयोगशाळा आणि शेतावरचा प्रश्न

मे महिना उजाडला, की म्हैसूरच्या संशोधन संस्थांची वसतिगृहे नव्या चेहऱ्यांनी भरू लागतात. पदवीच्या किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या परीक्षा आटोपून आलेले हे विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतात. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून अशी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देत आल्या आहेत. त्याखेरीज महाविद्यालयाचे पत्र घेऊन स्वखर्चाने येणारेही पुष्कळ असतात. जुलै लागला, की ही मंडळी परततात. मागे राहते ती बांधीव अहवालाची एक प्रत, आणि सोबत जाते ते एक प्रमाणपत्र.

या साठ दिवसांत नेमके काय घडावे, हा वरवर पाहता विद्यापीठांचा आणि संस्थांचा अंतर्गत प्रश्न वाटेल. माझ्या मते तो तितकाच कृषी विज्ञान केंद्रांचा, रेशीम विकास यंत्रणेचा आणि एक एकर तुतीवर घर चालवणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे. या काळात विद्यार्थ्याच्या हाती जिवंत कीटक, एक नोंदवही आणि शेतावरून आलेला एकच लहान प्रश्न द्यावा, एवढीच या लेखातील मागणी. ती किरकोळ वाटते; प्रत्यक्षात मात्र फार थोड्या ठिकाणी पुरी होते.

म्हैसूरचे आणि मराठी शेतकऱ्याचे नाते आधी ध्यानात घ्यावे. जालना, बीड, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात बांधापासून बांधापर्यंत दिसणारा तुतीचा व्ही-1 हा वाण म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तयार झाला. पांढऱ्या कोषांच्या ज्या दुबार संकरित जाती आपण घेतो, त्यांच्या नावांतील सीएसआर ही अक्षरे त्याच संस्थेच्या कामाची खूण आहेत. 1990च्या दशकात जपानच्या सहकार्याने ते काम उभे राहिले. कात उठल्यानंतर अळ्यांवर धुरळली जाणारी विजेता किंवा अंकुश ही भुकटीही तेथलीच. जालन्यात 2018 मध्ये कोष बाजार सुरू होण्यापूर्वी आपले शेतकरी कोषांची पोती घेऊन थेट रामनगरला जात, आणि अजूनही अनेक जण जातात. तेव्हा बंगळूरू–म्हैसूर रस्ता त्यांना चांगला परिचित आहे. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळांशी मात्र फारसा परिचय नाही. याच शहरात 1950 पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. साठवणुकीतील धान्यावर पडणाऱ्या सोंड्या, भुंगेरे आणि पतंगांवर तेथे दीर्घकाळ काम झाले आहे. 1916 मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात ड्रोसोफिलाच्या जातींचा आणि वाणांचा मोठा जिवंत संग्रह सांभाळला जातो. आंबा-काकडीला डंख करणारी फळमाशी वेगळी. ही पिकल्या केळ्याभोवती घोंगावणारी चिलटाएवढी माशी, आणि आनुवंशिकी शिकण्यासाठी तिच्यासारखा सोयीचा कीटक नाही. कीटकांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच शहरात एवढे सगळे क्वचितच सापडेल.

आता अंडीपुंजांकडे वळू. चॉकी केंद्रावरून आपण बाळकिडे आणतो तेव्हा त्यांच्या पाठीमागे एक मुकाट काम झालेले असते. अंडी घालून झालेली मादी पतंग चिरडून तिचा द्राव सूक्ष्मदर्शकाखाली, साधारण 600 पट मोठा करून, पाहिला जातो. त्यात तीन ते चार मायक्रॉन लांबीचे, अंडाकृती, चकाकणारे बीजाणू दिसले, तर त्या मादीची अंडी नष्ट करावयाची. हे बीजाणू पेब्रिन रोगाचे. हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. एकदा अळीत आला, की त्यावर शेतकऱ्याच्या हाती असलेले औषध नाही, पीक काढून टाकून सारे निर्जंतुक करणे एवढाच मार्ग उरतो. आपण ज्याला रोगमुक्त अंडीपुंज म्हणतो, त्यातील ‘रोगमुक्त’ हा शब्द सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या कोणा एका माणसाच्या डोळ्यांवर उभा असतो.

ही पद्धत लुई पाश्चर यांची. 1853 साली फ्रान्सचे कोष उत्पादन सुमारे 2 कोटी 60 लाख किलो होते. 1865 पर्यंत ते 40 लाख किलोवर आले. जून 1865 मध्ये पाश्चर दक्षिण फ्रान्समधील आलेस येथे पोहोचले तेव्हा रेशीम किड्याविषयी त्यांना जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. कीटकांचे थोर निरीक्षक फाब्र यांच्या घरी त्यांनी कोष हातात घेतला, कानाशी हलवून पाहिला आणि आत काय आहे, असे विचारले. कोषात अळीचा कोषित होऊन पतंग बनतो, हे त्यांना फाब्र यांनी सांगावे लागले. हा प्रसंग फाब्र यांनीच लिहून ठेवला आहे. त्यात पाश्चर यांचा उपहास आहे, असे पुष्कळांना वाटते. मला त्यात उत्तम उन्हाळी विद्यार्थ्याचे लक्षण दिसते: अज्ञान न लपवणे, आणि दुसऱ्याच दिवशी कामास लागणे.

पुढची पाच वर्षे पाश्चर यांनी दरवर्षी किडे पाळले. एमिल द्युक्लो यांच्यासारखे तरुण सहायक मादी-मादीची अंडी वेगळी ठेवीत, पतंग चिरडीत, बीजाणू मोजीत आणि त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांचे पुढे काय होते ते लिहीत. आरंभी स्वतः पाश्चर यांचे मत असे होते, की हे कण रोगाचे कारण नसून रोगाचा परिणाम आहेत. ते मत सुमारे दोन वर्षांनी बदलले, आणि ते बदलले नोंदवह्यांमुळे. या कामावरील त्यांचा ग्रंथ 1870 मध्ये प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या अंडीपुंज निर्मिती केंद्रांत पतंग तपासण्याचे मूळ तत्त्व तेच आहे.

आजच्या उन्हाळी प्रशिक्षणात यातले काय उरते? पुष्कळ ठिकाणी असे दिसते: पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला डीएनए वेगळे करण्याचा तयार संच दिला जातो, दुसऱ्यात पीसीआर यंत्र, तिसऱ्यात जेलवर चमकणाऱ्या पट्ट्यांचे छायाचित्र. उरलेला वेळ अहवालाला. नमुना कोठून आला, कोणत्या दिवशी घेतला, ती अळी कोणत्या अवस्थेत होती आणि शेजारच्या निरोगी अळीचा नमुना घेतला होता का, हे विचारले तर उत्तर येत नाही, कारण ती नळी कोणीतरी शीतपेटीतून काढून दिलेली असते. पैसे घेऊन दोन आठवड्यांत ‘संशोधन प्रशिक्षण’ पुरे करून देणाऱ्या खासगी दुकानांविषयी तर बोलण्यासारखे काही नाही. तेथे प्रश्नही तयार मिळतो आणि उत्तरही.

रेण्वीय तंत्रे शिकूच नयेत, असे मी म्हणत नाही. पेब्रिनचे अत्यल्प बीजाणूही पीसीआरने ओळखता येतात आणि भविष्यात बीज तपासणीत त्याचा वाटा वाढणार, हे उघड आहे. परंतु त्या यंत्राला जो पतंग दिला जातो, त्याच्यावर क्रमांक लिहिणारा माणूस चुकला तर यंत्र चुकीच्या पतंगाविषयी अचूक उत्तर देते. क्रमांक लिहिण्याची शिस्त ज्याला लागली, त्याला यंत्र पुढे पंधरा दिवसांत शिकवता येते. उलट क्रमाने शिकलेला विद्यार्थी नंतर क्रमांक लिहायला कंटाळतो, हा माझा अनुभव आहे.

संस्थांच्या बाजूची अडचणही खरी आहे. जिवंत कीटकांचे संगोपन रविवार पाळत नाही. पाचव्या अवस्थेतील अळ्या एकूण पाल्यापैकी 80 टक्क्यांहून अधिक पाला त्या शेवटच्या आठवड्यात खातात. त्या दिवसांत विद्यार्थ्याला म्हैसूरचा राजवाडा पाहायला जायचे असो वा चामुंडी टेकडी, पाला वेळेवर पडलाच पाहिजे. शास्त्रज्ञालाही लक्ष द्यावे लागते. तयार नळी देऊन मोकळे होणे दोघांनाही सोयीचे असते. त्यात पतंगांच्या पंखांवरील खवल्यांनी काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. संगोपनगृहात आणि पतंग कक्षात मुखपट्टी लावल्याशिवाय विद्यार्थ्याला पाठवू नये, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. ट्रायकोकार्ड बनवणाऱ्या ग्रामीण प्रयोगशाळांतील भगिनींनाही हे लागू आहे.

प्रश्न निवडताना सर्वांत आधी दिनदर्शिका पाहावी. विद्यार्थ्याकडे साठ दिवस आहेत. कीटकाकडे किती आहेत? ड्रोसोफिलाची पिढी 25 अंश तापमानात सुमारे दहा दिवसांत पुरी होते, म्हणजे दोन महिन्यांत पाच पिढ्या हाती येतात. ट्रायकोग्रामाची पिढी त्याहूनही लहान, आठ ते दहा दिवसांची. कडधान्यावरील भुंगेऱ्याला तीन ते चार आठवडे लागतात, तांदळावरील सोंड्याला सुमारे महिना. म्हणजे त्यांच्या दोनच पिढ्या. दुबार रेशीम किड्याची अळी 24-25 दिवस खाते, मग कोष आणि पतंग. अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंत दीड महिन्याहून अधिक. यास्तव रेशीम किड्यावर ‘पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो’ असा प्रश्न उन्हाळी विद्यार्थ्याला देणे म्हणजे त्याला अर्धवट अहवाल लिहिण्यास भाग पाडणे होय. ‘या पिकात किती अळ्या मेल्या’ हा प्रश्न मात्र दोन महिन्यांत नीट बसतो. पहिले पीक हात बसवण्यासाठी, दुसरे पीक प्रयोगासाठी.

असे हलके, रटाळ वाटणारे काम संशोधन नव्हेच, असा एक समज आहे. न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत कॅल्विन ब्रिजेस हा विद्यार्थी 1910 च्या सुमारास ड्रोसोफिलाच्या बाटल्या धुण्याच्या कामावर लागला. धुवायला आलेल्या एका बाटलीच्या जाड काचेतून त्याला डोळ्यांचा रंग वेगळा असलेली माशी दिसली. पुढे गुणसूत्रांविषयीच्या मूलभूत शोधांत त्याचे नाव आले. सगळेच बाटल्या धुणारे ब्रिजेस होत नाहीत, हे खरे. आणि विद्यार्थ्याला दोन महिने केवळ बाटल्या धुवायला लावणाऱ्या प्रयोगशाळाही असतात. त्यांचे समर्थन मी करणार नाही. ब्रिजेसला बाटलीत काय आहे ते ठाऊक होते आणि दिसलेले सांगण्याची मुभा होती. एवढा फरक पुरेसा आहे.

मोजणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विस्तार कार्यकर्त्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध आहे. समजा, एका लॉटमधील शंभर पतंगांत एक पतंग पेब्रिनग्रस्त आहे. आपण त्या लॉटमधून कोठूनही शंभर पतंग उचलून तपासले, तर एकही रोगी न सापडण्याची शक्यता किती? बहुतेक विद्यार्थी ‘शून्य’ म्हणतात. शंभरात एक आहे ना, मग सापडणारच. खरे उत्तर आहे 100 पैकी सुमारे 37. तीनशे पतंग तपासले तर ही शक्यता 5 वर येते. आता कापसाकडे या. गुलाबी बोंडअळीसाठी आपण 20 हिरवी बोंडे फोडून पाहण्याची शिफारस करतो. दोन बोंडांत अळी सापडली, म्हणजे 10 टक्के, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतो. शेतात प्रत्यक्षात नेमकी 10 टक्के बोंडे किडलेली असली, तरी 20 बोंडांच्या एका नमुन्यात दोनपेक्षा कमी किडकी बोंडे निघण्याची शक्यता 100 पैकी सुमारे 39 असते. म्हणजे एकदाच, एकाच कोपऱ्यातून 20 बोंडे फोडून ‘अजून पातळी ओलांडली नाही’ असे सांगणारा सल्ला जवळजवळ पाचांपैकी दोन वेळा चुकेल. शेताच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने घ्यावेत आणि आठवड्याने पुन्हा मोजावे, ही सूचना याच गणितातून आलेली आहे. हे गणित फळ्यावर कळते, परंतु अंगवळणी पडते ते स्वतः तीनशे पतंग चिरडून पाहिल्यावर.

दुसरी गोष्ट तुलनेची. औषध न दिलेला, खत न टाकलेला, पाला न बदललेला असा एक भाग बाजूला ठेवल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. हे सर्व जण मान्य करतात आणि प्रात्यक्षिक घेताना सर्व जण विसरतात. शेतकऱ्याला पूर्ण एकरावर फायदा हवा असतो, कार्यकर्त्याला छायाचित्र हवे असते. मग न फवारलेल्या चार ओळी कोण सोडणार? प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात तुलनेच्या तबकाची सवय लागलेली मुलगी उद्या विषय विशेषज्ञ म्हणून एखाद्या केंद्रावर रुजू झाली, तर ती त्या चार ओळींसाठी शेतकऱ्याशी भांडेल. मला असे भांडण पाहायला आवडेल.

आता शेतावरच्या प्रश्नाचे एक उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील तुती उत्पादकांची सर्वांत मोठी तक्रार सध्या रोगापेक्षा शेजारच्या फवारणीविषयी असते. तुतीच्या बांधाला लागून तूर, हरभरा, सोयाबीन, कापूस किंवा भाजीपाला असतो. त्यावर अळीनाशक म्हणून क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल फवारले जाते. हरभऱ्यावरील घाटेअळी आणि रेशीम अळी ही दोन्ही पतंगवर्गीय कीटकांचीच लेकरे असल्याने एकीला मारणारे औषध दुसरीला सोडत नाही. रेशीम अळीला तर त्याची अत्यल्प मात्राही बाधते. वाऱ्याबरोबर तुषार तुतीवर येतात, अळ्या खाणे सोडतात, आखडतात, आणि शेतकरी ‘चॉकी खराब होती’ म्हणून केंद्राशी वाद घालतो. अशा वेळी त्याचा नेमका प्रश्न असतो: फवारा उडालेला पाला किती दिवसांनी वापरता येईल?

हा प्रश्न साठ दिवसांत बसतो का, ते पाहू. आल्यानंतर चौथ्या दिवशी विद्यार्थी पहिल्या तुकडीचे किडे काढतो. सुमारे 28व्या दिवशी ते कोष बांधतात. यात त्याचा हात बसतो. मधल्या काळात, संस्थेच्या संगोपनगृहांपासून दूर असलेल्या तुतीच्या छोट्या वाफ्यांवर तो पाचव्या, दहाव्या, विसाव्या, तिसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी एकेका वाफ्यात ठरावीक मात्रेची फवारणी करतो आणि त्या दिवशी उमललेली पाने दोऱ्याने खुणावतो. दुसऱ्या तुकडीचे किडे 32व्या दिवशी बाहेर येतात. 40व्या दिवसाच्या सुमारास त्या अळ्या दुसरी कात टाकून तिसऱ्या अवस्थेत येतात. त्या दिवशी त्याच्यापाशी 35, 30, 20, 10 आणि 5 दिवसांपूर्वी फवारलेली पाने एकाच वेळी हजर असतात. फवारणी वेगवेगळ्या दिवशी आणि भरवणे एकाच दिवशी, हीच यातली खुबी. उलट केले असते तर प्रत्येक गटाच्या अळ्यांचे वय वेगळे झाले असते.

परंतु येथे एक अडचण आहे. 35 दिवसांपूर्वीचे पान जून झालेले असणार. ते खाऊन अळ्या मंदावल्या, तर दोष औषधाचा की जूनपणाचा? म्हणून प्रत्येक वयाच्या फवारलेल्या पानासोबत त्याच वयाचे न फवारलेले पान ठेवावे लागते. पाच वये, प्रत्येकी दोन प्रकार, प्रत्येकाची तीन तबके, तबकात 50 अळ्या: एकूण 1500 अळ्या. एका दुबार अंडीपुंजात साधारण 400 ते 500 अंडी धरली, तर चार अंडीपुंज पुरतात. तीन दिवस ती पाने द्यावयाची, नंतर सर्वांना साधा पाला; मेलेल्या अळ्या रोज ठरावीक वेळी मोजावयाच्या आणि 56व्या दिवसाच्या सुमारास कोष वेचावयाचे. या कामाला महाग यंत्र लागत नाही. लागतो तो स्वच्छ हात, एक पंप, तबके आणि नोंदवही. उत्तर एका हंगामाचे, एका मात्रेचे, एका वाणाचे असेल. ते लगेच शिफारस म्हणून छापता येणार नाही. तरी पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थ्याला कोठून सुरुवात करावी, ते त्यावरून कळेल. ‘फरक आढळला नाही’ असे उत्तर आले तरी ते लिहून ठेवण्याजोगे आहे. असे अहवाल कपाटात जातात आणि दोन वर्षांनी तोच प्रयोग कोणी पुन्हा करतो, हा आपल्याकडील मोठा अपव्यय आहे.

शेतावरून निघालेल्या प्रश्नाला संशोधनात काय स्थान असते, याचे एक जुने उदाहरण याच प्रदेशातले आहे. 1908 मध्ये कॅनडाहून आलेले लेस्ली कोलमन म्हैसूर संस्थानात कवकशास्त्रज्ञ व कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. मलनाडचे सुपारी बागायतदार पावसाळ्यात घोस कुजून गळण्याने हैराण होते आणि गवताची झापे घोसांवर बांधून ते वाचवू पाहत होते. पावसाचे पाणी अडवले की रोग कमी होतो, हे बागायतदारांना आधीच कळले होते; त्याचे कारण कोलमन यांनी प्रयोगशाळेत शोधले आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी बागेत आणली. कोकणात आणि गोव्यात सुपारीवर पावसाळ्यापूर्वी बोर्डो मारले जाते, आणि त्या रोगाला आपण कोळेरोग म्हणतो; तो शब्दही कानडीच.

उझी माशीची कथाही अशीच. 1980 मध्ये बंगालहून आलेल्या बीज कोषांबरोबर ही माशी कर्नाटकात शिरली. अळीच्या अंगावर ती पांढरे अंडे घालते, आतली अळी रेशीम किड्याला पोखरते आणि कोषाला भोक पाडून बाहेर पडते. तिच्या कोषांवर जगणारा नेसोलिंक्स थायमस हा बारीक परोपजीवी कीटक म्हैसूरच्या संशोधकांनी घरमाशीच्या कोषांवर मोठ्या प्रमाणात वाढवण्याची रीत बसवली. हे वाढवणे म्हणजे शेवटी रोज घरमाश्या पाळणे, त्यांचे कोष मोजणे आणि तारखा लिहिणे. उन्हाळी विद्यार्थ्याच्या नाकाला ते मानवत नाही. पण 100 अंडीपुंजांच्या पिकासाठी सुमारे 1 लाख परोपजीवी कीटक लागतात, आणि ते कोणीतरी पाळलेले असतात.

अशा प्रयोगशाळेत पोहोचते कोण, हा शेवटचा मुद्दा. शिष्यवृत्त्यांचे अर्ज हिवाळ्याच्या सुरुवातीलाच मागवले जातात. त्याची वार्ता मोठ्या शहरांतील महाविद्यालयांना असते. अंबड, गेवराई किंवा भूममधील महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्या, घरी तुती असलेल्या मुलीला ती कळते तेव्हा मुदत सरलेली असते. वास्तविक ती कात ओळखते, अळीला हात लावायला बिचकत नाही, आणि पाचव्या अवस्थेत रात्री पाला टाकायला उठलेली आहे. पहिल्या पंधरवड्याचे तिचे काम घरीच झालेले असते. शिवाय मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेल्याने अनेक घरांचे संगोपन थांबलेले असते. तिच्या हातांची घरी तेवढी गरज नसते. म्हैसूरला हवा सौम्य आहे, खोलीचे भाडे बंगळूरूपेक्षा कमी आहे. भाषेची भीती वाटते, पण संगोपनगृहातील अनुभवी मजूर बायांकडून सोप्पु म्हणजे पाला, हुळु म्हणजे किडा आणि गूडु म्हणजे कोष एवढे शब्द पहिल्याच दिवशी कळतात. रामनगरला जाऊन आलेल्या तिच्या वडिलांना ते आधीच ठाऊक असतील. त्या बायांकडून शिकण्याची तयारी नसलेला विद्यार्थी मला कितीही गुणांचा असला तरी नको वाटतो.

तेव्हा कृषी विज्ञान केंद्रांनी आणि जिल्हा रेशीम कार्यालयांनी दोन गोष्टी कराव्यात, असे सुचवतो. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व कृषी विभागांना उन्हाळी संशोधनाच्या संधी कळवाव्यात, आणि तुती, कापूस, कडधान्य उत्पादकांच्या घरच्या मुलामुलींना अर्ज भरण्यास मदत करावी. दुसरे, अर्जासोबत जाण्यासाठी वर्षभरातील प्रश्न एका वहीत टिपून ठेवावेत. ‘किडे मेले’ एवढे लिहून भागत नाही. अंडीपुंजांचा लॉट क्रमांक, किडे काढल्याची तारीख, मर सुरू झाली ती अवस्था, त्या आठवड्यातील संगोपनगृहाचे कमाल-किमान तापमान, पाला कोणत्या ओळींतून तोडला, त्या ओळींपासून शेजारचे पीक किती फुटांवर आहे, त्यावर काय आणि कधी फवारले, आणि त्याच लॉटचे किडे पाळणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याकडे काय घडले, एवढे त्या वहीत असावे. मेलेल्या अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून पाठवू नयेत. त्या कुजतात आणि मग काहीच तपासता येत नाही.